शेणाने सारवलेल्या नावेचा कर्णधार

३ फेब्रुवारी, सिंदी (रेल्वे)
गुंजनने आम्हा आईबापांना व्हिएतनामची तिकिटं पाठवली. सोबतीला मामा, म्हणजे माझा साळा कैलास. एकच अडचण. जयाला पाण्याची धास्ती. लहानपणी धाम नदीत बुडता बुडता वाचली; सत्तावीस वर्षांच्या संसारात नावेत पाय ठेवलेला नाही. वल्हं तुम्ही मारत असाल तरच बसीन, म्हणाली. तात्काळ हो म्हटलं. बोर धरणावर डोंग्यात दोनदा बसलो आहे; एकदा वल्ह्याला हातही लावला. वल्ह्याला संस्कृतात अरित्र म्हणतात, हे त्या डोंगेवाल्याला ठाऊक नव्हतं. मला पोहता येत नाही, हा मुद्दा गौण.

९ फेब्रुवारी, होई आन, दुपार
इथली नाव गोल. बांबूची टोपली, वरून शेण आणि राळेने सारवलेली. परदेशात येऊन अंगण भेटलं! कैलास वांगी पिकवतो, म्हणून टोपल्यांतला जाणकार. मला, बहिणीच्या नवऱ्याला, म्हणाला, भाटवे, हे त कोंबड्या झाकाचं डालं व्हय; याचं पुढचं तोंड कोणतं अन् मागचं कोणतं? विचार चालू आहे.

१० फेब्रुवारी, सकाळी ६.१०
वाहन परदेशी असलं तरी नारळ फोडायला नको का? केळझरच्या गणपतीसमोर ठेवून आणलेला होताच. नावा काठावर पालथ्या. सोयीचं वाटलं. एक दणका. नारळ जसाच्या तसा. नावेचा तळहाताएवढा पोपडा उडाला, खालचा बांबू उघडा. आजूबाजूला कोणी नाही. चिखलाने लिंपलं. छान बसलं. कोणाला सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी ८.४०
सत्तरीची मालकीणबाई. वीस नावांतून नेमकी तीच पुढे केली. दुसरी मागावी तर कारण सांगावं लागतं. जयाने मनगट धरलंय, बोटं बधिर झालीत. तुमच्याच भरोशावर बसून राह्यली, बरं, म्हणते. दोनदा ओठांवर आलं. पण लाइफ जॅकेटचं बक्कल पोटावर लागेना, त्या गडबडीत राहून गेलं. चिखल आतापर्यंत वाळला असेल.

११.३०, हॉटेल
वाळला नव्हता.
वल्हं मारलं की नाव पुढे जात नाही, जागीच फिरते. प्रवाहाने मात्र मध्यावर नेलं. काठावरून कैलास ओरडला, भाटवे, दळण दळून राह्यले का? जयाचे डोळे मिटलेले. मग म्हणाली, अहो, पाणी येऊन राह्यलं. मी म्हटलं, नव्या नावेला घाम येतो. घाम घोट्यापर्यंत आला. तिने डोळे उघडले. तुमाले पोह्यता येते नं? सत्तावीस वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. मी जॅकेटचं बक्कल चाचपलं. तेवढ्यावरून तिला कळलं. नारळाचंही सांगून टाकलं.
वाटलं, किंचाळेल. तिने माझ्या डोक्यावरची टोपी उचलली आणि पाणी उपसायला मला दिली. सोडा ते, म्हणत वल्हं काढून घेतलं. मालकीणबाई दुसऱ्या नावेतून जवळ आल्या होत्या. वल्हं समोर धरून डावं-उजवं कसं फिरवायचं ते हातांनी दाखवलं. जयाने निंदताना खुरपं फिरवावं तसं फिरवलं. ओठ घट्ट, पण हात थांबले नाहीत. डालं सरळ काठाला लागलं.
एक नोंद : पाणी मी उत्तम उपसलं.

११ फेब्रुवारी, दुपारी ४
मालकीणबाईंनी शेणाचं घमेलं पुढे ठेवलं. फुटलेल्या जागेचं सारवण माझ्याकडे. जया पुन्हा निघाली, कैलासला घेऊन. मीही उठलो. म्हणाली, नाई, तुमी बसा. वल्हं हाती घेऊन, नाव सुटता सुटता, मागे वळून बजावलं : इथंच राहा, अन् पाण्याजवळ जाऊ नोका.