वशिंडावरचा हात

मुक्काम नगर

ती. आईस, सहादेवाचं डोकं तुझ्या पायावर.

मी बरा हाय, सायकलबी धड हाय. हे पत्र गुरुजींकडनं एकटीनं वाचून घे, वहिनीसमोर नको.

तंबूतल्या सिनेमात बैलगाडीचा गाडीवान बघून तू "ह्यो आपला कानिफच" म्हनालीस, म्हनून शुटिंगच्या सगळ्या जागा फिरलो. चांदबिबीचा महाल झाला, फराहबाग झाली. दादाला कुनीच ओळखीना.

काल डोंगरगणला गाडीवान सापडला. म्हातारा हाय, दादा न्हाई. पन बैल आपला हौशाच! झूल हुती म्हनून तू ओळखला न्हाईस. तीन वर्सांमागं दादा हौशाला घेऊन घरनं गेला, तवाच काष्टीच्या बाजारात ह्या म्हाताऱ्याला त्यो इकला हुता. "जू ठेवायच्या आदी वशिंडावरनं हात फिरवा, न्हाईतर मान देत न्हाई," एवढं सांगून गेला. कुठं गेला, ते म्हाताऱ्याला ठावं न्हाई. सिनेमात तू हात फिरवायची ती रीत ओळखलीस, आई.

हौशा बरा हाय, नुसत्या बरगड्या दिसत्यात. मी हात फिरवला तर त्यानं लगीच मान खाली घातली.

हिरीला पानी हाय का? वहिनी जेवती का? तिला हौशा भेटला एवढंच सांग.

उद्या घराकडं निघतो. बघायची जागा आता एकबी उरली न्हाई.

तुझा सहादेव