अर्धंच दाबलेलं बटण

ती. आईस दोन्ही हात जोडून नमस्कार.

आधीच सांगतो, विमान पडलं नाही. आमच्या छोट्या विमानाची बॅटरी उतरली तरी इंजिन चालूच राहतं, फक्त रेडिओ मुका होतो. परवा तसाच झाला. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा आदल्याच दिवशी मी बदलला होता. वीस मिनिटं आभाळाकडे बघत उभा होतो. मान आखडलीय, बाकी काही नाही.

सुखरूप उतरताच पायलटसाहेब गरजले, "पट्टा बसवलास की लेंग्याची नाडी बांधलीस?"

मी इंजिनाचं झाकण उघडलं. पट्टा ताठ होता, साहेबांइतकाच. मग साहेबांच्या कॉकपिटमध्ये डोकावलो. तिथे जोडबटण असतं, अर्धं बॅटरीचं, अर्धं अल्टरनेटरचं. साहेबांनी बॅटरीचं तेवढं दाबलं होतं.

"नोंदवहीत लिहू नकोस हं," आता आवाज एकदम मऊ.

"लिहावं लागतं, साहेब." मी लिहिलं, 'यंत्रात दोष आढळला नाही.' कुणात आढळला, तो रकानाच नाही.

नंतर मात्र पाय असे लटपटले की हत्यारांच्या पेटीवर बसूनच राहिलो. गुडघे आपल्या घराण्यातच कच्चे. तुझे कसे आहेत? पट्टा बांधतेस ना?

तुझा, जमिनीवरच काम करणारा,
धाकटा