देवाच्या तोंडी माझे शब्द

आई, गेल्या रविवारी चर्चमध्ये मी मंडळीपुढे उभी राहिले आणि अर्ध्या वाक्यात गप्प झाले. तेव्हापासून जिवाला चैन नाही. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की दोन ओळी लिहिते, उठते, दोरीवरचे कपडे उगाच उलटेपालटे करते, पुन्हा येऊन बसते. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तरी हे तुलाच सांगावंसं वाटतं, कारण असल्याच वाक्यावरून तू मला एकदा झापलं होतंस.

मी एकोणीस वर्षांची होते. तू मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायचीस आणि नर्सिंगच्या ट्रेनिंगला माझी निवड झाली होती. प्रार्थनासभेत मी साक्ष दिली, "प्रभूने मला रुग्णांच्या सेवेसाठी बोलावलं आहे." सगळ्यांनी आमेन म्हटलं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला. तू पदर सावरून स्वयंपाकघराकडे निघालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मोठ्या गंजात तांदूळ धुते आहेस, मी चुलीपाशी, आणि पाण्यातून हात न काढता तू विचारतेस, "खरंच बोलावलं का प्रभूनं तुले? का या धुराचा कंटाळा आला?"

मी चुलीत लाकूड सारलं. तुझ्या लुगड्याला येणारा फोडणीचा वास मला नको होता, त्या वासात माझा जन्म जायला नको होता, हे तू ओळखलं होतंस. "जायचं हाये तं जा पोरी, मी अडवून नाही राहिली," तू म्हणालीस. "पन आपलं बोलनं देवाच्या तोंडी काहून घालतेस? उद्या तो खरंच बोलला, तं तुले वळखू कसं येईल?"

मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. निघायच्या दिवशी वरठीच्या स्टेशनवर तू पदरातून एक घड्याळ काढून माझ्या हातात बांधलंस, सेकंदकाट्याचं. नाडी मोजायला तसलंच लागतं, हे तू कुणाला तरी विचारून आली होतीस. रागावलेल्या आईने एवढी चौकशी करावी, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. पुढे छत्तीस वर्षं नोकरी केली आणि ते काम मला मनापासून आवडलं. मग बोलावणं खरंच होतं की काय? की मी बोलले आणि देवाने माझी लाज राखली? हे मला अजून ठरवता येत नाही.

मागच्या वर्षी निवृत्त झाले. तुझे जावई त्याच्या दोन वर्षं आधी गेले. आता मोहाडीच्या घरात मी आणि सासूबाई दोघीच. त्यांची डावी बाजू लुळी पडली आहे. मला नातू झाला तसा पुण्याहून लेकाचा फोन सुरू झाला, "आई, तू इकडेच ये. आजीला सानगडीला काकांकडे ठेवू." आणि मला जायचं आहे. लोकांची अंथरुणं बदलण्यात जन्म गेला, घरी येऊन पुन्हा तेच करते आहे, मी थकले आहे. रोज सकाळी गुडघे टेकते, "प्रभू, मार्ग दाखव" म्हणते, आणि तो काही बोलायच्या आत उठते. चहा ठेवायचा असतो.

तर रविवारी पाळकांनी प्रार्थनेचे विषय विचारले. मी उभी राहिले. "प्रभू मला पुण्याला..." एवढं म्हणाले आणि थांबले. तुझा आवाज कानात आला असं खोटं लिहीत नाही. जीभच पुढे सरकेना. मग म्हणाले, "मला पुण्याला जायचं आहे. प्रभूचं म्हणणं मी अजून ऐकून घेतलेलं नाही." आणि खाली बसले. या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही.

घरी पोचले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"पुन्याले जाऊन राहिली काय तू?"

"ठरलं नाही अजून."

"देवाले इचारून राहिली म्हन्ते. मले तं कोनी इचारलं नाही."

मी त्यांच्या खाटेवर बसले. वर्षभर त्यांचं सगळं करत होते, पण हे विचारलं नव्हतं, खरंच. "तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं. उजव्या हाताने त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "सानगडीले मी नाही जात. माह्या घरात मरू दे मले. पन तू जा, महिनाभर नातू खेळव, मंग ये. धाकट्याले म्हन, तेवढे दिवस इथं येऊन राय."

संध्याकाळी लेकाला फोन केला. "एकच महिना?" म्हणून तो रुसला. सानगडीचे दीर यायला तयार झाले, थोडी कुरकुर करून. पुढच्या सोमवारी मी निघते. सगळे म्हणतात, बघ, प्रभूने वाट काढली. मला मात्र ते तोंडाने म्हणवत नाही. ही वाट त्याची, की एका म्हातारीने माझी केलेली सोय? आणि महिन्यानंतर नातवाला सोडून परत यावंसं वाटलं नाही, तर मी कुणाचं नाव पुढे करीन?

एक गोष्ट राहिली. तुझ्या शेवटच्या आजारात मी तीन आठवडे आले नाही. रजा मिळत नाही, रुग्णांना सोडून कशी येऊ, प्रभूने मला इथेच ठेवलंय, असं सगळ्यांना कळवलं. आई, मी रजेचा अर्ज केलाच नव्हता. परक्यांच्या जखमा रोज धुणारी मी, तुला खंगलेली बघायला घाबरले. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून एवढं तरी लिहू शकले. प्रार्थनेत हे आजवर एकदाही म्हटलेलं नाही. आधी तुला सांगून पाहिलं, तोंडातून निघतं का ते.