गुरुवारचं नाक

४ सप्टेंबर, गुरुवार
वाइनरीत वास घेणाऱ्यांच्या पॅनेलवर आज पहिला दिवस. माणसं सहा. नाक एकच, असं माझं मत. ह्यांनी तीस वर्षं तिथल्या तळघरात पिंपं सांभाळली. वासाची समज आमच्या घरात मुरलेली आहे.
काम असं. पेले काळ्या काचेचे, म्हणजे रंग दिसत नाही. आत वाइन. काही चांगल्या द्राक्षांची, काहींत बुरशी लागलेले घड मुद्दाम मिसळलेले, शंभरात पाच, दहा, वीस. झाकण काढायचं, हुंगायचं, कागदावर फूल, फळ आणि मशरूम यांना दहापैकी मार्क द्यायचे. प्यायची नाही. किती बुरशी खपून जाते आणि कितीला नाक तक्रार करतं, ते त्यांना शोधायचंय.
मी मशरूमला सगळीकडे शून्य दिलं. बाकीच्यांनी उगाच सहा-सात. शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त पोस्टमन तर पेला लांब धरून खोकले. नाटकी माणूस.
निश्चय: दर बुधवारी कांदा, लसूण आणि वासाचा साबण बंद.

७ सप्टेंबर, रविवार
वाचनालयातून जाड पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली, पण शब्दकोश मांडीवर घेतला की पुस्तक कुठे पळतंय? द्राक्षाच्या सालीत फुलांच्या वासाची द्रव्यं असतात. करडी बुरशी ती मोडून टाकते आणि मागे आपला मशरूमसारखा, ओल्या तळघरासारखा वास ठेवते. भाडेकरूनं घरातलं सामान विकावं आणि जाताना आपली कुबट चटई सोडून जावी, तसं. हे वाक्य पुस्तकातलं नाही, माझं आहे. गुरुवारी पेले मांडणाऱ्या लॅबवालीला ऐकवणार.
मुलीचा फोन आला. ये ना आई, महिनाभर तरी राहा. म्हटलं, गुरुवारी मी कामावर असते. ‘कामावर’ म्हणताना बरं वाटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार
वाक्य ऐकवलं. लॅबवाली हसली, वहीत उतरवून घेतलं. मग हळूच म्हणाली, काकू, आजही तुमचे मशरूमला शून्य, आणि बाकी पाचही जणांचे सात. पाचही जणांना सर्दी असावी.
चहाच्या वेळी पोस्टमन म्हणाले, त्यापेक्षा आमच्या कुत्र्याला बसवा, एवढी वर्षं माझ्याच पायजम्यावर नाक चालवलंय त्यानं. सगळे हसले. मीही. घरी आल्यावर लक्षात आलं की मोठ्यानं हसून बरेच दिवस झाले होते. किती, ते मोजलं नाही.
संध्याकाळी नेहमीसारखी आतल्या खोलीत बसले. हे गेल्यापासून ह्यांचा कामाचा कोट दोन वर्षं तिथेच खुंटीवर आहे. दार लावून, डोळे मिटून बसलं की अजून ह्यांचा वास येतो. खिडकी उघडत नाही. कडी गंजली आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार
तीन पेल्यांची परीक्षा, फक्त माझी. दोन सारखे, एक बुरशीचा, तो ओळखा. चार फेऱ्या. चारही चुकल्या.
खुर्ची डुगडुगत होती. शिवाय पोस्टमनच्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास. लॅबवाली म्हणाली, काही हरकत नाही काकू, पुढच्या वेळी पुन्हा बघू. काही हरकत नाही असं सांगावं लागतं तेव्हा हरकत असते.
निश्चय: रोज सकाळी सराव.

२१ सप्टेंबर, रविवार
डोळे बांधून सराव. चहा, बूटपॉलिश, मेणबत्ती, मिरी वगैरे. बारापैकी अकरा बरोबर. डबे मीच ओळीनं मांडले होते, हे खरं. पण क्रम लक्षात ठेवणं हीसुद्धा बुद्धीच.

२५ सप्टेंबर, गुरुवार
पुन्हा चारही चुकल्या. बसही चुकली. लॅबवालीनं गाडीतून घरी सोडलं. म्हटलं, चहा घेऊन जा. दोन वर्षांत चहाला कुणी आलं नव्हतं, कप धुवून घ्यावे लागले.
ती दारातच थबकली. काकू, घरात ओल आहे का कुठे? आणि थेट आतल्या खोलीत. कपाट जरा पुढे ओढलं. मागची भिंत छातीपर्यंत करडी, हात लावला तर लव. कोटाच्या कॉलरलाही तीच. म्हणाली, पेल्यात जे आहे ना काकू, त्याचाच हा वास. रोज त्यात राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. नाक बिघडलेलं नाही तुमचं, सरावलंय. खिडक्या उघडा, भिंत पुसा, कोट धुवा. सोळा ऑक्टोबरला शेवटची परीक्षा घेऊ. नाहीतर तुमचे मार्क अहवालात धरता येणार नाहीत, साहेबांनी सांगितलंय.
मी म्हटलं, हा वास बुरशीचा नाही. ह्यांचा आहे.
ती पुढच्या खोलीत येऊन बसली. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. चांगली मुलगी. पण पुस्तकी.

२७ सप्टेंबर, शनिवार
तोडगा सापडला. पुढच्या खोलीची खिडकी उघडी, स्वयंपाकघराची उघडी, आतली खोली बंद. दाराखाली ओला टॉवेल. वास तिकडे, नाक इकडे. लॅबवालीचं समाधान आणि ह्यांचंही.

१ ऑक्टोबर, बुधवार
ओलीवर बुरशी पोसते, असं पुस्तकात निघालं. टॉवेल बदलून कोरडा लावला.
आत रोज फक्त पाच मिनिटं बसायचं ठरवलंय. आज चाळीस झाली. घड्याळ पुढे असावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
मुलीला फोनवर सगळं गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, अगं आई, बाबांना कुठे होता असला वास? ते कोट दारात काढून आधी अंघोळीला पळायचे. एका पिंपाला बुरशीचा वास लागला तर दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.
म्हटलं, तू लहान होतीस तेव्हा.
ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

४ ऑक्टोबर, शनिवार
कडी गंजलेली नव्हती. बोटानं उघडली.
भिंत व्हिनेगरनं पुसली. बादलीभर काळं पाणी निघालं. कोट मात्र धुतला नाही, खिडकीत वाऱ्यावर टांगला. मुलीकडे निघाले आहे, आठ दिवसांसाठी. नाकाला रजा. येता गुरुवार बुडेल, लॅबवालीला कळवलं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
परत आले. बॅग दारातच ठेवली आणि आधी कोट जवळ घेतला.
मशरूम. दहापैकी नऊ.
कॉलर हुंगली, बाह्या, दोन्ही खिसे उलटे करून, अस्तर. दुसरं काही नाही. पुस्तकात लिहिलंय ते बरोबर आहे, आधीचा वास बुरशी शिल्लक ठेवत नाही. दार-खिडकी लावून दोन वर्षं मी तिचीच बडदास्त ठेवली.
कोट धुतला. मग आणखी एकदा धुतला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
चारपैकी चार! चौथा पेला तर झाकण पुरतं उघडायच्या आत कळला. पोस्टमननी टाळ्या वाजवल्या, म्हणाले, कुत्र्याची नोकरी गेली. लॅबवाली म्हणाली, काकू, आता पाच टक्केसुद्धा तुमच्यापासून लपत नाही.
मी लगेच पुढच्या गुरुवारचं बोलायला लागले. घरून छोट्या उशा आणते, त्या खुर्च्या फार टोचतात. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, काकू, आज शेवटचं होतं ना. वाइनचे नमुने संपले. आता मी अहवाल लिहायचा. पुढच्या वर्षी ठरलं तर नक्की कळवू. नेमणुकीच्या पत्रात होतं की.
पत्र मी वाचलं होतं. जाड पुस्तक वाचते त्या लक्षानं वाचलं नसेल.
उशा शिवायला घेतल्या होत्या, त्या पूर्ण करणार. पुढच्या वर्षी लागतीलच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
वाइनरीकडे गेले. सहज. त्या बाजूला दुसरं काही नाही, तरी सहज.
फाटक बंद. फाटकाशी पोस्टमन उभे. मी म्हटलं, तुम्ही इकडे कुठे? म्हणाले, पाय मोकळे करायला. त्यांचं घर बसनं अर्ध्या तासावर आहे.
परतीची बस चाळीस मिनिटांनी होती. थांब्यावरच्या बाकाच्या एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला मी. चहा नव्हता, पेले नव्हते, त्यामुळे बोलायचं काय ते दोघांनाही सुचेना. शेवटी त्यांनी विचारलं, लॅबवाली म्हणत होती त्या तुमच्या खोलीतला वास गेला का हो?
म्हटलं, गेला.
पूर्ण?
हो, पूर्ण.
वा, छान झालं, असं म्हणाले आणि बस येते का ते बघायला लागले.