बंदुकीला मज्जाव

१९ जानेवारी
सत्र सुरू. टेक्ससच्या कायद्याने परवानाधारक विद्यार्थी कॉलेजात पिस्तूल आणू शकतो, पण वर्गात नाही तरी स्वतःच्या बसायच्या खोलीत मनाई करण्याचा हक्क प्राध्यापकाला आहे. मी तो बजावला. नियम असा की पाटी पुरत नाही, येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगावं लागतं. सांगते. शेजारच्या खोलीतला भूगोलवाला ड्वेन म्हणतो, "मर्ना, तू विमानतळावर नोकरी धर." त्याच्या पट्ट्याचं बक्कल त्याच्या डोक्यापेक्षा मोठं आहे.

२ फेब्रुवारी
खोलीत दोन आठवडे कोणी फिरकलं नाही. मी शिकवते ते तर्कशास्त्र मुलांना समजू लागलं असावं.

९ फेब्रुवारी, रात्री ९
संध्याकाळचा वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये अंधार. ट्रकला टेकून दोन काउबॉय टोपीवाले उभे. मला भीती वाटत नाही. तरी गप्पांना सोबत म्हणून राइली कायकेंडॉलला गाडीपर्यंत नेलं. शेवटच्या वर्षाची, गुराढोरांत वाढलेली, चणीने चिमणी. शंका विचारायला येते ती एकटीच, आणि तीही दारात उभी राहून. आत ये म्हटलं तर म्हणते, "इथंच बरं मॅम, बूट चिखलाचे आहेत." नाताळपासून पाऊस नाही, तरी एवढी काळजी! याला म्हणतात वळण.

२ मार्च
आजपासून गाडीपर्यंत एकटीने जायचं ठरवलं.
पाय मुरगळल्यासारखा वाटला. राइलीबरोबर गेले. वाटभर तिला समजावलं, की शस्त्र बाळगणारा माणूस मुळात भित्रा असतो. "हो मॅम." पोरीला पटकन पटतं.

११ एप्रिल
प्राध्यापकांची बैठक. माझा ठराव: सगळ्या इमारतीत पिस्तूलबंदी. पुरावा म्हणून राइलीला नेलं होतं. सांगितलं, या निःशस्त्र मुलीबरोबर मी दर गुरुवारी निर्धास्त चालते. ती लालबुंद झाली. "मॅम, मला बसू द्या ना."
ड्वेनने सरळ विचारलं, "पोरी, तुझ्याकडे आहे का गं?"
"तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सर. आहे. परवानाही आहे. पण मॅमच्या खोलीत कधी नेलं नाही. दारातच थांबते."
हशा. सुशिक्षित माणसं टेबलं बडवत होती.
ठरावाच्या बाजूने एक मत. माझं.

१२ एप्रिल
राइलीला बोलावून सुनावलं, आपलं एकत्र चालणं संपलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. म्हणाली, "बरं मॅम. पण मग उद्या तुमच्याबरोबर कोण?" मी म्हटलं, माझी बुद्धी.

१३ एप्रिल, रात्री १०
वर्ग सुटला. इमारतीच्या दारात उभी राहिले. हवा चांगली होती म्हणून. गाडी समोर दिसत होती. टोपीवाले नव्हते. कोणीच नव्हतं, हे जास्त वाईट.
बऱ्याच वेळाने राइलीला फोन केला. तोंडात घास होता तिच्या. "आले मॅम." आली. चाललो. मी अवाक्षर बोलले नाही, म्हणजे तिला माझी नाराजी कळावी.
गाडीचं दार उघडून दिलं आणि म्हणाली, "मॅम, तुम्हाला त्रास होत असेल तर पुढच्या गुरुवारपासून मी ते घरी ठेवून येते."
मी सर्व बाजूंनी विचार केला.
नको म्हटलं.