राख गार होईपर्यंत

मंगळवार, ३ सप्टेंबर

पोचले एकदाची! कॉरिनने पैजच लावली होती की आई, तू रस्ता चुकणार आणि थेट मॉन्टानात निघणार. लेकीला सांगायला हवं, तुझी आई इतकीही वेंधळी नाही. डांबर संपलं, खडी संपली, मग नुसत्या दोन चाकोऱ्या, आणि ओढ्याच्या वळणावर आमची जागा. नळ नाही, बाक नाही, संडास नाही. डेल्बर्टला असंच हवं असायचं. पैसे भरून शेजाऱ्याचं घोरणं ऐकायचं, त्याला तो कॅम्प म्हणायचाच नाही, गाड्यांचा तळ म्हणायचा.

दगडांचं रिंगण जसंच्या तसं आहे. आधीच्या कुणीतरी पुढच्यासाठी फोडलेली लाकडं रचून ठेवलीत, इथली रीतच आहे ती. तंबू मी एकटीने उभा केला. जरा एका अंगाला कललाय, पण उभा आहे. खाण्याची पिशवी अस्वलांच्या भीतीने फांदीला उंच टांगली. डेल्बर्ट अजून पिकअपमध्येच आहे, माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. एप्रिलमध्ये गेला. एवढा आडदांड नवरा राख होऊन एवढ्याशा खोक्यात कसा मावला, याचं मला अजून नवल वाटतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

आज ते केलं. खरं तर त्याला ओढ्यात सोडायचं ठरलं होतं. पण पाण्यात पाय घातला आणि कळ डोक्यात गेली. त्याला गारठा सोसायचा नाही. छातीत पाणी झाल्यापासून तर तीन पांघरुणांखाली कुडकुडायचा. म्हणायचा, लव्हॉन, हात गार पडलेत गं, जरा धर. मी धरून बसायची.

म्हणून बेत बदलला. रिंगणातली जुनी राख उकरली आणि त्यात त्याला मिसळलं. उभा जन्म इथेच तर बसला होता, काठीने निखारे चाळवत. मला कधी हात लावू दिला नाही. म्हणायचा, तू बिस्किटं भाज, शेकोटीतलं तुला काय कळतंय. संध्याकाळी मी वर लाकडं रचली आणि पहिल्याच काडीला पेटवली. म्हटलं, बघ म्हाताऱ्या, कळतं की नाही! मग पोटभर रडले. त्याच्यामागे पहिल्यांदाच इतकी रडले असेन, आणि बरं वाटलं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

वनखात्याचा टटल येऊन गेला. जंगल वाळून खडखडीत झालंय, शनिवारपासून शेकोट्या बंद म्हणे. म्हणाला, विझवाल ना बाई नीट? मी म्हटलं, डेल्बर्टची बायको आहे मी, कुणाला विचारतोस? हसला बिचारा. डेल्बर्ट रिंगणातच आहे म्हटल्यावर त्याने टोपी काढली.

आमच्या घरचा नियम तसा पक्का आहे. पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि मग उघडा हात राखेत घालायचा. हाताला गार लागल्याशिवाय जागा सोडायची नाही. कॉरिनला त्याने चालायच्या वयापासून हे शिकवलं. अजूनही कुणाचंही रिंगण दिसलं की पोरगी आधी वाकून राख चाचपते, मग माणसांशी बोलते.

शनिवारी दुपारपर्यंत मी घरी पोचायचं ठरलंय. तिला सातवा महिना आहे, बाळाच्या खोलीला रंग द्यायचाय. इथे फोन लागत नाही, म्हणून नाही पोचले तर रविवारी सकाळी ती न्यायला येणार आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

सकाळीच विझवायला घेतली. ओतलं, ढवळलं, ओतलं. हात घातला तर राख कोमट. पुन्हा ओढ्यावर गेले, पुन्हा ओतलं. कोमटच. निखाऱ्याची ऊब नाही ही. माणूस नुकता उठून गेलेल्या अंथरुणासारखी आहे.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, हात काढवेना. दुपारभर तशीच बसले. जेवायचंही राहिलं.

शनिवार, ७ सप्टेंबर

तंबू गुंडाळला. सामान चढवलं. शेवटची म्हणून बादली ओतली आणि खोकला ऐकला.

त्याचाच. आधी दबका, मग छाती फाडून येणारा, आणि मग, रात्री माझी झोप मोडली की पुटपुटायचा, तसं पुटपुटणं. शेवटी छातीतल्या पाण्यानेच तर गेला तो. आणि मी कालपासून त्याच्यावर बादल्या —

दुसरी भरून आणली होती. तशीच खाली ठेवली.

टाकून जाता येत नाही. रान वाळलेलं, राख कोमट. विझवताही येत नाही. कॉरिन वाट बघत असेल.

शनिवार, संध्याकाळ

हात घातला. त्याने धरला. अंगठ्याने माझी अंगठी फिरवली, सिनेमाला बसलो की फिरवायचा तशी. म्हणाला, आलीस होय.

सोडल्यावर पाहिलं. बोटं पांढरीफटक. स्टोव्हवरचा कॉफीचा मग धरला, तापलेला कळलाच नाही. ती ऊब राखेची नाही. माझी आहे.

तरी पुन्हा घातला. गार लागतंय म्हणतो. काय करू?

रविवार

डाव्या हाताने लिहितेय. उजवा त्याने उजाडल्यापासून सोडलेला नाही. खांद्यापर्यंत काही कळत नाही. ओढून पाहिला. म्हणतो, थोडा वेळ गं, लव्हॉन. आजारपणातही असंच म्हणायचा. मी तरी किती देऊ —

खालच्या वळणावर गाडी. कॉरिनची. सायलेन्सर फुटलाय तिचा, ओळखू येतो.

तिला सांगितलं तरी ऐकणार नाही. पोट सावरत वाकेल. आधी हात घालेल. त्यानेच शिकवलंय. तिचा हात आणि आत ते बाळ —

त्यालाही ऐकू आलं. विचारतोय, माझी पोर आली का. तिला म्हणावं, बस माझ्याजवळ. किती आनंदलाय. बोटं घट्ट —

गाडीचं दार वाजलं. आई गं, म्हणून हाक मारतेय.

कालची बादली इथेच आहे, भरलेली. डेल्, राजा, मला माफ कर. डोळे मीट. लवकर होईल. मोकळा हात एकच आहे, लिहीत राहिले तर बादली —