ना हरकत

अल बर्शा, दुबई
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अनु,

अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत आहोत. तुम्ही उभयता आणि उमर ठीक असाल. इथला उकाडा संपला, माणसं संध्याकाळची पायी फिरताना दिसू लागली. तुझ्या वहिनीचा गुडघा तसाच आहे. डॉक्टर तिचं वजन काढतात, ती डॉक्टरांचं वय काढते. माझ्या ऑफिसातले नीलेश सुट्टीवर रत्नागिरीला येताहेत, त्यांच्याबरोबर खजूर आणि हे पत्र पाठवतोय. पत्र कशाला, म्हणशील. व्हॉट्सॲपवर दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं.

वैभवीचं लग्न मंगळवारी अबू धाबीच्या कोर्टात झालं. फोटो पाहिलेच असशील. जोएल कोट्टायमचा, ख्रिश्चन, स्वभावाने सरळ. भटजी की पाद्री, या वादात दोन्ही घरांनी सहा महिने घालवले. शेवटी पोरांनी आम्हाला न विचारता ऑनलाइन अर्ज भरला आणि तारीख घेतली. मुसलमान नसलेल्या परदेशी लोकांसाठी इथे आता सिव्हिल मॅरेजची सोय आहे. दोघांचा धर्म एक हवा, अशी अट नाही.

मी मात्र माझ्या सवयीने गेलो. गल्फमध्ये तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला एनओसीशिवाय पान हलत नाही असंच वाटतं. नोकरी बदलायची तर एनओसी, घरात भिंतीला भोक पाडायचं तर एनओसी. मुलीच्या लग्नाला बापाची लागणारच, असं मी धरून चाललो. टायपिंग सेंटरमधला गनी म्हणाला, "साब, शादी में एनओसी कौन माँगता है?" म्हटलं, तू टाइप कर. इंग्रजीत, खाली अरबी भाषांतर, वर शिक्का. 'माझी मुलगी वैभवी हिच्या विवाहास माझी कोणतीही हरकत नाही.'

काउंटरवर अबायातली एक तरुण बाई होती. तिने कागद पूर्ण वाचला आणि परत केला.

"नो नीड, सर."

"बट आय ॲम द फादर."

"येस, मबरूक, काँग्रॅच्युलेशन्स. ब्राइड इज हिअर. शी कॅन स्पीक."

"बाबा, पुट इट अवे, प्लीज," वैभवी म्हणाली.

मुलीच्या बाजूने वडिलांची संमती नको, साक्षीदारही नकोत. दोघांना विचारलं, दोघं हो म्हणाले, सह्या झाल्या, खलास. मी कागद खिशात घालून भिंतीशी उभा राहिलो.

परतताना वैभवीने गाडीतून तुला फोन लावला, तो स्पीकरवर होता. मी गाडी चालवत होतो हे तुला माहीत नसावं. तिने माझ्या एनओसीची गंमत सांगितली. तू हसलीस आणि म्हणालीस, "नशीबवान आहेस गं. तुझा बाप 'हरकत नाही' असा कागद घेऊन गेला. तुझ्या आजोबांनी माझ्या लग्नाला हरकत घेतली होती."

मी अल बर्शाचा एक्झिट चुकलो. तुझी वहिनी म्हणाली, लक्ष कुठंय तुमचं.

लक्ष १९९६ मध्ये होतं. पुण्यात विवाह नोंदणी कार्यालयाच्या बोर्डावर तुझी आणि जमालरावांची नोटीस लागली होती. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. एकविसाव्या दिवशी हरकत आली, मुलीचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून. तिथल्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर बसून तू शहाणी आहेस हे तुला सिद्ध करावं लागलं. हरकतीचा अर्ज फेटाळला गेला. 'मुलीच्या घरून आलाय' एवढंच तुला कळलं, आणि आपल्या नानांनीच तो दिला असं तू धरून चाललीस.

अर्ज मी दिला होता.

नाना लग्नाला आले नाहीत हे खरं, पण या अर्जाचा त्यांना पत्ताही नव्हता. तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस आणि मला दरवर्षी राखी पाठवत राहिलीस. मी ती बांधत राहिलो. २००९ मध्ये, शेवटच्या आजारात, त्यांनी मला विचारलं, "राजन, लग्नाला गेलो नाही एवढ्यावर पोरगी तेरा वर्षं अबोला धरते का रे?" मी त्यांची उशी सरळ केली आणि औषधाची वेळ झाली म्हणालो. त्यांच्या अंत्यविधीला तू आली नाहीस. नातेवाईक तुला नाही नाही ते बोलले, तेही मी ऐकून घेतलं.

तेव्हा मला जमालरावांचा धर्म खुपत होता की लोकांची भीती होती, आता नीट सांगता येत नाही. इथे तेवीस वर्षं दर रमजानला माझा मित्र फहद याच्या घरी इफ्तारला बसतो. त्याची आई आग्रहाने वाढते. त्यामुळे कारण म्हणून सांगण्यासारखं माझ्यापाशी काही उरलेलं नाही. लाज वाटते, फार लाज वाटते.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. माफी मागून तुझ्यावर आणखी एक ओझं टाकत नाही. पण नानांवरचा राग आता सोड. तुझं लग्न मोडावं असं त्यांच्या मनात कधीही आलं नव्हतं. ते तुझी वाट बघत गेले.

खाली 'दादा' लिहून खोडलं आहे. ते पुन्हा लिहायचं की नाही, तू सांगशील तसं.

राजन